काट्यावर शून्य

हर्षालीने म्हापशाहून धाडलेली डबी,
साबणाच्या झिजलेल्या वडीएवढी.
सर्जेकोटच्या जेटीवर, कोळंबीच्या काट्यावर
सहज ठेवून बघितली,
आकडा शून्यच राहिला.
दलाल म्हणाला, "रिकामी आसा?"
म्हटलं, "नाय रे, आवाज मारूचा यंत्र."
"मगे लिलावाक घालून येव नको."

एकोणीस वर्षं मी इंजिनाच्या खोलीत.
सहा सिलिंडर, एक बल्ब, पायाखाली तेलकट पाणी.
घरी आमटी मागतो तीही ओरडून.
शालन म्हणते, हळू,
शेजाऱ्यांना वाटतं आपण भांडतोय.

निवतीच्या दिव्याबाहेर, तीस वावांवर,
दोन्ही बोंडं कानात बसवली,
हर्षालीने सांगितलं होतं तसं एकदा दाबलं,
आणि इंजिन गेलं.
म्हणजे होतं. फळी थरथरत होती, पाइप तापलेला होता,
पण त्याचा आवाज कुणीतरी पोत्यात भरून नेला
आणि मागे ठेवली मांजराची घरघर.
मी घाबरून थ्रॉटलकडे हात नेला.
मग एकटाच हसलो.

गुण आहेत, नाही म्हणणार नाही.
त्या दिवशी डोकं उठलं नाही.
जेटीवर उतरलो तर सुक्या बांगड्याचा वास आला,
रोज येतच असणार.
बंदराच्या तोंडाशी रेंज आल्यावर हर्षालीला फोन केला,
ती बोलता बोलता किंचित खोकली,
मी विचारलं, औषध घेतलंस?
पलीकडे काही वेळ नुसता श्वास.
मग, "बाबा, तुमका आयकाक येता?"

आता दुसरी बाजू.
डावं बोंड उजव्याच्या आधी मरतं.
घामाने सुटतं. एकदा पाटीत पडलं,
मंग्याने बांगडे उपसून काढलं, खवले पुसून दिलं.
टपावर वारा लागला की आतल्या आत घोंघावतं,
वाऱ्यापुढे त्याची अक्कल चालत नाही.
आणि घरी रात्री घालून पडलो,
तर फ्रिज गेला, पंखा गेला,
कुडाच्या मागचा समुद्रसुद्धा गेला,
आणि उरली एक बारीक शिट्टी,
लांबच्या कुठल्या तरी घरात
कुकर उतरवायला विसरल्यासारखी.
ती माझीच. ती कापायची सोय त्यात नाही.
कुडाळचा डॉक्टर म्हणाला, ही आता राहणार,
कापूस तरी घालायचात.

पण हे सगळं मी सोसलं असतं.

मंगळवारी जाळं ओढताना
मंग्या शिडीवरून निम्मा खाली आला,
माझ्या खांद्यावर हात ठेवला. काढलं एक बोंड.
"काका, तिसऱ्यात कायतरी ठोकता हा."
ठोकत होतं. इंजेक्टर.
झोपेत असतो तरी मला कळलं असतं,
आधीच्या इंजिनाचा खोकला मी
पोराच्या खोकल्यासारखा ओळखायचो.
आणि ऐकलं कुणी?
ज्याचा हा पहिला हंगाम, ज्याला पाना नि पकड
अजून नीट वेगळी कळत नाही, त्याने.
पाना फिरवताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्याचे कान अजून कोरे आहेत.
म्हणून आता खाली काम असलं की
डबी त्याच्याच हातात देतो.
गाणी लाव हवी तर, पण घाल.
इंजिनाशी मी बसतो, उघड्या कानांनी,
शिट्टीच्या आडून ठोका शोधत.
सापडतो. बहुतेक वेळा सापडतो.

हर्षाली विचारते, वापरताय ना?
वापरतोय म्हणतो.
ते खोटंही नाही, संध्याकाळी मागून घेतो परत,
बंदराच्या तोंडाशी, रेंज येते तिथे.
डाव्यात आठ टक्के उरलेले असतात.
पुरतात.
काल ती पगाराचं, भाड्याचं, कुणा मैत्रिणीच्या लग्नाचं बोलली,
मी हं हं करत राहिलो.
खोकला गेलाय.
तिने सांगितलं नाही. ऐकलं.